तोल कोणाचा गेला?

निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ठळकपणे येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती अंशांपर्यंत उतरला, द्राक्षबागायतदारांनी पहाटे बागेत शेकोट्या कशा पेटवल्या, मण्यांना तडे जाण्याची भीती किती, हे सारे सविस्तर छापले जाते. ते छापले जावे याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच पहाटे, दंवाने ओल्या झालेल्या ओट्यावरून, शेवाळलेल्या मोरीतून, अंधाऱ्या उंबऱ्यावरून किती म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरला आणि किती जणींच्या खुब्याचे हाड मोडले, याची बातमी मात्र कधी येत नाही. द्राक्षाचा मणी तडकला तर ती आपत्ती ठरते, तिचा पंचनामा होतो. म्हातारीचे हाड मोडले तर ते तिचे वय ठरते, आणि वयाचा पंचनामा करण्याची पद्धत आपल्या राज्यकारभारात नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, काही दिवसांपूर्वी तालुक्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्याला जाण्याचा योग आला. तेथे एका वक्त्याने ‘आभासी वास्तवा’च्या चष्म्याची, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीची, महती सांगितली. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, समोर बाग दिसते, रस्ता दिसतो, ओढा दिसतो. तो ओलांडताना पाय उचलायचा, शरीर सावरायचे. असे रोज केले की म्हाताऱ्या माणसाचा गेलेला तोल परत येतो! असा चष्मा आपल्या तालुक्याला मिळवून देण्याचे आश्वासनही त्यांनी दिले. टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर आमचा एक तरुण साथी तावातावाने म्हणाला, “हे भांडवलदारांचे खेळणे आहे. खेड्यातल्या म्हातारीला चष्मा नको, भाकरी हवी.” त्यालाही दोघातिघांनी मान डोलावली.

प्रस्तुत लेखकाला या दोघांशीही भांडण करावयाचे आहे. आश्वासन देणाऱ्याशी अधिक आणि साथीशी थोडे कमी, पण दोघांशीही.

प्रथम साथीचा समाचार घेऊ, कारण घरच्या चुकीची दुरुस्ती आधी करावी. या तंत्राला खेळणे म्हणून झिडकारणे हे अज्ञान आहे. माणूस उभा राहतो तो केवळ पायांच्या बळावर नव्हे. डोळे त्याला आजूबाजूचे जग दाखवतात. कानाच्या आतील भाग डोके कोणीकडे कलले आहे ते सांगतो. तळपाय, घोटे आणि गुडघे जमिनीचा चढउतार कळवतात. मेंदू या तिन्ही बातम्या एकत्र करून स्नायूंना हुकूम सोडतो. वयाबरोबर या चारही ठिकाणी झीज होते. मोतीबिंदू डोळ्यांवर पडदा ओढतो, मधुमेहाने तळपायाची जाणीव मंदावते, कमी आहाराने मांड्या वाळतात, आणि मेंदूला एका वेळी दोन कामे सांभाळणे जड जाते. स्वीडनमधील एका लहानशा अभ्यासाची हकिकत १९९७ साली प्रसिद्ध झाली होती. वृद्धांच्या निवासातील ५८ जणांशी चालता चालता गप्पा मारण्यात आल्या. बोलण्यासाठी १२ जण चालायचे थांबले; पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणे आणि बोलणे ही दोन कामे ज्याला एकदम जमत नाहीत, त्याचा तोल धोक्यात आहे, इतका साधा तो धडा होता.

आभासी वास्तवाचे शिक्षण नेमके येथे उपयोगी पडते. पायांना चालवायचे आणि त्याच वेळी मनाला अडथळे पार करायला लावायचे, हे त्यात साधते. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील चार देश आणि इस्राएल मिळून पाच केंद्रांत झालेल्या प्रयोगाचा अहवाल आला. आधीच्या सहा महिन्यांत दोनदा किंवा अधिक वेळा पडलेल्या, साठ ते नव्वद वयाच्या ३०२ माणसांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गट सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, सरकत्या पट्ट्यावर चालले. एका गटाने नुसतेच चालायचे होते. दुसऱ्याच्या समोर पडदा होता, त्यावर त्याच्याच पावलांची हालचाल आणि वाटेतले अडथळे दिसत. पुढच्या सहा महिन्यांत नुसत्या चालणाऱ्यांच्या गटात पडण्याचे प्रमाण दर माणशी सरासरी आठच्या वर राहिले. पडद्यासमोर चालणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ बारावरून सहावर आले. या माणसांत कंपवाताच्या रुग्णांचा मोठा वाटा होता हे लक्षात ठेवले पाहिजे, आणि पट्टा, पडदा, कंबरेला बांधायची दोरी आणि शेजारी उभा असलेला शिक्षक एवढा सरंजाम होता हेही विसरता कामा नये. तरीही निष्कर्ष नाकारण्यासारखा नाही. जे विज्ञान म्हाताऱ्या माणसाला पडण्यापासून वाचवते त्याला ‘भांडवलदारांचे खेळणे’ म्हणणे म्हणजे, ज्ञानावरचा कष्टकऱ्याचा हक्क आपणच सोडून देणे होय. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो यंत्राच्या द्वेषाने नव्हे. यंत्र कोणाच्या हाती, कोणाच्या पोटासाठी आणि किती माणसांच्या आवाक्यात, हा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न येथेही विचारला पाहिजे.

आणि ‘चष्मा नको, भाकरी हवी’ हे वाक्य ऐकायला कितीही चटकदार असले तरी त्यात एक दुष्ट अर्थ दडलेला आहे. गरिबाने भाकरीपलीकडे काही मागू नये, हे तर मालकाचे म्हणणे! उद्या तो म्हणेल, मजुराला चालायला कशाला हवे, त्याला रेशन मिळते ना? ही भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

आता आश्वासन देणाऱ्या वक्त्याकडे वळू. त्यांच्या भाषणात चष्मा होता. पण म्हातारी माणसे पडतात का, कोठे पडतात आणि कोणती पडतात, हे नव्हते. ते नसल्यामुळेच टाळ्या इतक्या सहज पडल्या.

निफाड तालुक्यात आज सत्तरीच्या पुढे असलेली माणसे कोण आहेत? १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी तरुण वयात खडी फोडली, त्या या बाया आहेत. नोव्हेंबर १९८० मध्ये ऊस-कांद्याच्या भावासाठी ज्यांनी रस्ते आणि रेल्वेमार्ग अडवले, खेरवाडीचा गोळीबार ज्यांच्या डोळ्यांदेखत झाला, ते हे बाप्ये आहेत. त्या आंदोलनाच्या अर्थकारणाशी आपले मतभेद होते, ते आजही आहेत. पण त्या माणसांच्या कष्टाविषयी मतभेद असूच शकत नाही. ज्यांनी वाफ्यात वाकून कांदे लावले, ज्यांनी मांडवाखाली मान वर करून तासन् तास घड विरळले आणि औषधात बुडवले, ज्यांनी लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या, पेठ-सुरगाण्याकडून येऊन ज्यांनी दुसऱ्याच्या बागा उभ्या केल्या, त्यांच्या मणक्यांचा, गुडघ्यांचा आणि घोट्यांचा हिशेब कोणत्याही बाजार समितीच्या वहीत नाही. शहरातला पेन्शनर सत्तरीला म्हातारा होतो. कांद्याच्या चाळीतली बाई पंचावन्नलाच होते. तोल जाणे हा निसर्गनियम आहे हे खरे, पण तो कोणाचा किती लवकर जावा हे निसर्ग ठरवत नाही. ते मजुरी ठरवते.

आणि ती पडते कोठे? बागेत पसरलेल्या ठिबकच्या नळ्यांत पाय अडकून पडते. चाळीतल्या कांद्याच्या टरफलांच्या थरावर घसरते. पाऊस पडल्यावर काळ्या मातीच्या बांधावरून घसरते. घरात पाण्याची बादली उचलून आणताना उंबऱ्याला ठेच लागून पडते. म्हातारा शेतकरी पडतो तो रात्री, कारण शेतीपंपाला वर्षानुवर्षे आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीचीच. दारे धरायला अंधारात जावे लागते, एका हातात विजेरी, दुसऱ्यात फावडे, आणि उसात बिबट्याची भीती. काठीला हात उरतोच कोठे? या अंधारावरचा उपाय कोणत्या चष्म्यात आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी, उत्तम इस्पितळे असलेल्या देशांतदेखील, साधारण पाचांतला एक जण वर्ष पुरे होण्याच्या आत दगावतो. जे जगतात त्यांतले अनेक पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच शंभरांतले दहाच्या आसपास लोक साठीच्या पुढचे होते, म्हणजे एक कोटीहून अधिक. तेव्हापासून तो आकडा वाढतच गेला आहे. हा काही चारदोन घरांचा खाजगी दुर्दैवाचा प्रश्न नव्हे.

आमच्या शेजारच्या एका आजींची गोष्ट सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती प्रत्येक गावात आहे. पेन्शनीचे पैसे आले का हे विचारायला त्या तालुक्याला गेल्या होत्या. त्या ठिकाणच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. उतरताना तोल गेला, खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, योजनेतून झाली, फुकट झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण टाके निघाल्यावर त्यांना पुन्हा चालायला शिकवणारे कोणी मिळाले नाही. व्यायामाचा एक छापील कागद मिळाला. आजींना वाचता येत नव्हते. नाशिकला जाऊन व्यायाम घ्यायचा तर येण्याजाण्याला रिक्षा आणि बरोबर एक माणूस. सून द्राक्षाच्या कामावर जात होती, तिचा रोज बुडू लागला. पंधरवड्यात आजींनी स्वतःच सांगितले, “राहू दे. माझ्यापायी तुझी हजेरी नको जायला.” त्यानंतर त्यांनी अंथरूण धरले ते धरलेच. दवाखान्याच्या कागदावर त्यांची शस्त्रक्रिया यशस्वी आहे.

येथे सरकारी योजनेचे पोट उघडून पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय करण्यात आली. चांगली गोष्ट झाली, आणि ती आपण चांगलीच म्हणावी. परंतु ही योजना इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याची आहे. घरी गेल्यानंतरचा खर्च तीत पंधरा दिवसांपुरता धरलेला आहे. खुबा मोडलेली म्हातारी पंधरा दिवसांत चालू लागत नाही, तिला महिने लागतात. म्हणजे हाड मोडण्याची वाट पाहायची, मोडले की इस्पितळाला पैसे द्यायचे, आणि मोडू नये म्हणून मात्र काही करायचे नाही, असा हा व्यवहार आहे. इस्पितळाच्या मालकाला त्यात तोटा नाही. म्हातारीला आहे.

पडूच नये म्हणून काय करावे हे कोणाला ठाऊकच नाही, असेही नाही. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने १०८ प्रयोगांचा, तेवीस हजारांहून अधिक माणसांचा, एकत्र हिशेब मांडला. तोल आणि पायांचे बळ वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात निघाले. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातील मंडळींनी १९९० च्या दशकात जो कार्यक्रम बसवला, त्याला कोणते यंत्र लागत नव्हते. घरच्याच खुर्चीचा आधार घेऊन उठाबस करायची, टाचा उचलायच्या, एका पायावर उभे राहायचे, आडव्या पावलांनी चालायचे, घोट्याला थोडे वजन बांधून पाय उचलायचा. आणि हे नीट चालले आहे की नाही ते पाहायला प्रशिक्षित माणूस अधूनमधून घरी यायचा. पुढे पुढे हे काम परिचारिकांना शिकवून त्यांच्याकडूनही करून घेण्यात आले. इंग्लंडात सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात, पहिल्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. तो अहवाल २००५ सालचा आहे. खोट्या बागेचा चष्मा चढवण्याआधी खऱ्या डोळ्यावरचा पडदा काढला तर म्हातारीला खरी पायरी दिसेल!

या साऱ्यातून निघणारे तात्पर्य महत्त्वाचे आहे. लॅन्सेटच्या प्रयोगातल्या माणसांना पडदा मिळाला होता, तसाच शिक्षकही मिळाला होता. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे, कोणी तरी त्यांची वाट पाहत होते, त्यांचे पाऊल मोजत होते. मेळाव्यातल्या वक्त्याने त्यातून शिक्षक वगळला आणि चष्मा तेवढा ठेवला. कारण उघड आहे. चष्म्याचे उद्घाटन करता येते, त्याच्याबरोबर छायाचित्र निघते, त्याची खरेदी एकदाच होते आणि खरेदीत अनेकांचे भले होते. शिक्षकाला मात्र दर महिन्याला पगार द्यावा लागतो. आपल्या राज्यकर्त्यांचे वस्तूंवर अपार प्रेम आहे. माणसे नेमण्याची तेवढी त्यांना शिसारी येते. बाजारातला बऱ्यापैकी चष्मा घ्यायचा तर श्रावणबाळ योजनेतल्या वृद्धाची दीड-दोन वर्षांची पेन्शन जाईल. तो दोनचार वर्षांत जुना होतो, कंपनी तो बनवायचे थांबवते, आणि मग ते धूड कपाटात पडते. असे संगणक आणि असे दूरचित्रवाणी संच शाळाशाळांच्या कपाटांत आपण पाहिलेले आहेत.

वस्तुतः वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, सामुदायिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोनदा वृद्धांची तपासणी आणि पुनर्वसनाची सोय, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा तपासणी, जे अंथरुणाला खिळले त्यांच्या घरी भेट, हे सारे त्यात लिहिलेले आहे. म्हणजे आपण काही नवे स्वप्न मागत नाही. सरकारने स्वतःच लिहिलेल्या ओळी वाचून दाखवतो आहोत. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गणातल्या आरोग्य केंद्रात जाऊन इतकेच विचारावे: वृद्धांच्या तपासणीचा वार कोणता? व्यायाम शिकवणारा कोण? त्याची जागा भरलेली आहे की रिकामी, आणि रिकामी असेल तर कधीपासून? ही उत्तरे लेखी घ्यावीत.

राज्य सरकारने २०२४ मध्ये वयोश्री योजना काढली आणि काठी, चष्मा, कमरेचा पट्टा यांसाठी पासष्टीपुढच्यांच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये टाकण्याचे ठरवले. निवडणुकीचे वर्ष होते. पैसे कोणाला नको असतात? पण काठी ही मापाने घ्यायची वस्तू आहे. हात सैल सोडून उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाशी आली पाहिजे. उंच काठीने खांदा चढतो, आखूड काठीने कंबर वाकते. टोकाचे रबर झिजले की तीच काठी फरशीवर घसरून माणसाला पाडते. हे सांगणारा माणूस योजनेत कोठे आहे?

पेन्शनीचे काय? केंद्र सरकारचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी दरमहा २०० रुपये. हा आकडा २००७ च्या सुमारास ठरला आणि पुढे इतकी वर्षे हलला नाही. महागाई मात्र एकाच जागी उभी राहायला तयार नव्हती. राज्याने आपला वाटा घालून २०२३ मध्ये रक्कम दीड हजारावर नेली, तीही वर्षाला २१ हजारांच्या आतले उत्पन्न दाखवण्याची अट कायम ठेवून. साखर कारखान्यांतून आणि लहान उद्योगांतून निवृत्त झालेल्या कामगारांची किमान पेन्शन २०१४ मध्ये हजार रुपये ठरली आणि दहा वर्षे उलटली तरी तेथेच राहिली. या पैशांत डाळ, दूध, अंडे बसत नाही. आणि प्रथिनांवाचून मांडीत बळ येत नाही, बळावाचून तोल येत नाही. पेन्शन परिषदेच्या मंचावरून बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन सर्व कष्टकरी वृद्धांना द्या, ही मागणी लावून धरली. ती दयेची याचना नव्हती. हमालाच्या पाठीवरून जो व्यापार चालला त्यात हमालाचा साठलेला हिस्सा आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात मान्य केलेले आहे. ते शेतमजूर बाईला का लागू होऊ नये?

याच तालुक्यात ओझर आहे. तेथे मिग-२१ विमाने बांधली गेली. ती म्हातारी झाली तेव्हा, सप्टेंबर २०२५ मध्ये, चंदीगडला समारंभ करून, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी देऊन, त्यांना निवृत्त करण्यात आले. त्याबद्दल कोणाचे दुमत नसावे. ज्या कामगारांनी ती बांधली त्यांच्या कौशल्याचाही तो गौरव होता. पण त्याच ओझरच्या शिवारात ज्या माणसाने पन्नास वर्षे नांगर धरला, त्याच्या निवृत्तीला कोणती सलामी आहे? आज ज्या आभासी वास्तवाची एवढी वाखाणणी चालली आहे, त्याच्या पूर्वजांतही विमानच आहे. वैमानिकाने आकाशात चूक करून मरू नये म्हणून जमिनीवरच खोट्या विमानात बसवून त्याला शिकवावे, ही कल्पना एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली प्रत्यक्षात आणली. वैमानिक पडू नये म्हणून शंभर वर्षे पैसा खर्च होतो. मजूर पडू नये म्हणून खर्च करायची वेळ आली की तिजोरीचा तोल जातो!

काही सज्जन येथे म्हणतील की, म्हाताऱ्यांची काळजी ही कुटुंबाची जबाबदारी आहे. २००७ चा कायदाही मुलांवर ती टाकतो. कुटुंब म्हणजे कोण? मुलगा सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करतो. उरते ती सून. म्हणजे ‘कुटुंबाची जबाबदारी’ याचा मराठीत अर्थ ‘सुनेची बिनपगारी नोकरी’ एवढाच होतो. समाजवादी म्हणवणाऱ्याने हा अर्थ स्वीकारणे म्हणजे घरातल्या एका श्रमिक स्त्रीचे बिल दुसऱ्या श्रमिक स्त्रीच्या नावावर फाडणे होय. न्यायमूर्ती रानडे याच निफाडात १८४२ साली जन्मले. ते काही समाजवादी नव्हते. तरी देशाच्या आर्थिक उन्नतीच्या कामी राज्यसंस्थेने हात बांधून उभे राहू नये, एवढे त्यांनी १८९२ सालीच पुण्यातल्या आपल्या व्याख्यानात सांगितले. आज त्यांच्या जन्मगावच्या म्हातारीने उभे राहावे म्हणून राज्यसंस्थेने हात पुढे करावा, हे सांगायला आपण कचरावे का?

एक शब्द आपल्या स्वतःविषयीही लिहिला पाहिजे, नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. आपल्या तालुक्यांतल्या किती कचेऱ्या माडीवर आहेत? जिना अरुंद, दिवा बंद, धरायला एक लोंबती दोरी. तीस-चाळीस वर्षे सभासद असलेले वृद्ध साथी हल्ली बैठकीला येत नाहीत याची आपण हळहळ करतो. त्यांचा उत्साह मावळला असे अहवालात लिहितो. उत्साह मावळलेला नाही, त्यांना जिना चढवत नाही! प्रस्तुत लेखकाने स्वतः एका वृद्ध साथीला अशा जिन्यावरून पडताना पाहिले आहे आणि त्यानंतरही कठडा बसायला सहा महिने लागलेले पाहिले आहेत. मोर्चात आपण त्यांना पुढे चालवतो, उन्हात तासन् तास उभे करतो, कारण पांढऱ्या केसांनी छायाचित्राला वजन येते. ज्या पक्षाला आपल्याच पायरीला कठडा लावता येत नाही, त्याने तहसील कचेरीच्या पायरीविषयी कोणत्या तोंडाने बोलावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम नेमणुकीचा, पगारी व्यायामोपचारतज्ज्ञ, आणि गावोगाव आठवड्यातून दोनदा वृद्धांचा व्यायामवर्ग. तो शाळेच्या पडवीत, मंदिराच्या सभामंडपात, बुद्धविहारात, कोठेही भरू शकतो. खुर्च्या तेवढ्या लागतात. दुसरी, हे काम आशा कार्यकर्तीकडे द्यायचे असेल तर वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला देऊनच द्यावे. एका राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे ओझे ठेवून दुसरीचा तोल सावरता येणार नाही. तिसरी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी खोळंबलेल्यांची गाववार यादी जाहीर करावी. चौथी, ज्या सरकारी कचेरीत, बँकेत, रेशन दुकानात वृद्धांना जावे लागते तेथे कठडा, उतार आणि दिवा. पाचवी, खुबा मोडलेल्या रोग्याला योजनेतून निदान तीन महिने व्यायामोपचार. सहावी, शेतीला दिवसा वीज. आणि सातवी, जिच्यावाचून बाकी सहा लुळ्या आहेत, ती म्हणजे किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन.

आणि चष्मा? तोही मागावा; परंतु शेवटी, आणि आपल्या अटींवर. जिल्हा रुग्णालयात तो सार्वजनिक मालकीचा असावा, चालवायला शिकलेला माणूस असावा, कंपवाताचा शेतमजूर आणि निवृत्त अधिकारी यांना एकाच रांगेत तो मिळावा. समोर दिसणारे चित्र परदेशातल्या बागेचे नसावे. कांद्याची चाळ, ठिबकच्या नळ्या, एस.टी.ची उंच पायरी असावी, कारण आमची म्हातारी पडते ती तेथे. असा चष्मा आला तर प्रस्तुत लेखक स्वतः टाळ्या वाजवील.

तोवर मात्र, मेळाव्यात कोणी आश्वासन दिले की कार्यकर्त्याने उठून एकच प्रश्न विचारावा: शिक्षक कधी नेमता? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. आणि घरी जाताना, सभेला आलेल्या शेवटच्या म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरेपर्यंत हात द्यावा. हातात हात देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. पण त्याच्या हातावाचून त्या माणसाला उतरता यावे असा कठडा बसवून घेणे, हे त्याचे राजकारण आहे.